बारा सेंटीमीटरचं नॅट

ज्यांना कानात इअरफोन घालून बसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

विषय आहे लढाऊ विमानांची स्केल मॉडेल्स. म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग कापून, घासून, चिकटवून, रंगवून बनवलेली विमानं. ही उडत नाहीत, कपाटात उभी राहतात. शाळेत लागलेला हा नाद कित्येकांचा पेन्शनीपर्यंत सुटत नाही. का सुटत नाही, ते सांगायला एकच विमान घेतो : नॅट.

14 डिसेंबर 1971. श्रीनगरच्या विमानतळावर पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांनी हल्ला केला. धावपट्टीवर बॉम्ब पडत असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांनी आपलं नॅट वर उचललं आणि एकट्याने त्यांना भिडले. ते शहीद झाले. परमवीर चक्र मिळालेले वायुसेनेतले ते आजवरचे एकमेव.

आता समजा, तुम्हाला हेच विमान बनवायचंय. मोबाइलवर 'नॅट मॉडेल किट' शोधलं की बहुतेक वेळा लालभडक विमान समोर येतं. ते ब्रिटनच्या रेड अॅरोज या कसरतीच्या ताफ्याचं, दोन सीटचं, शिकाऊ वैमानिकांसाठीचं नॅट. सेखोंचं एका सीटचं. मग काय, एक सीट काढून टाकू? नाही जमत, राजेहो. एका सीटच्या नॅटचे पंख टोकापासून टोकापर्यंत 6.73 मीटर, दोन सीटवाल्याचे 7.32. लांबीतही जवळपास एक मीटरचा फरक. म्हणजे सांगाडाच वेगळा. म्हणून खोक्यावर 'एफ.1' लिहिलंय की 'टी.1', हे आधी बघायचं. आपल्याला एफ.1 पाहिजे.

हे आकडे 72 ने भागा. 1:72 हे या छंदातलं सगळ्यात ओळखीचं माप. सहा फूट म्हणजे 72 इंच, त्यामुळे सहा फुटांचा वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. साडेआठ मीटरहून थोडं लांब असलेलं नॅट उरतं बारा सेंटीमीटरचं, तुमच्या मोबाइलपेक्षाही छोटं! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत शाळेतल्या पोरांकडून याच मापाची लाकडी विमानं बनवून घेतली होती, सैनिकांना आपलं कोणतं आणि शत्रूचं कोणतं हे ओळखायला शिकवण्यासाठी. त्यामागचा हिशेब साधा आहे. मॉडेल दहा मीटरवर धरलं, की खरं विमान 720 मीटरवर जेवढं दिसेल तेवढंच ते दिसतं.

हाच हिशेब उलटा लावला की घाम फुटतो. पंखाच्या जोडात एक मिलिमीटरची फट राहिली तर खऱ्या विमानात ती सात सेंटीमीटरची झाली. अशा विमानात कोण बसेल?

रंगाचं तर विचारूच नका. 1965 च्या युद्धातली नॅट चकचकीत धातूच्या रंगाची दिसतात, 1971 पर्यंत त्यांच्यावर कॅमोफ्लाज आलेला होता. संग्रहालयात ठेवलेलं विमान नंतर पुन्हा रंगवलेलं असू शकतं, त्यामुळे तेही डोळे झाकून प्रमाण मानता येत नाही. म्हणून मुरलेला मॉडेलवाला 'कोणतं विमान' एवढंच विचारत नाही. कोणत्या स्क्वाड्रनचं, कोणत्या साली, कोणत्या तळावरचं, असं विचारतो. सेखों 18 व्या स्क्वाड्रनचे, एवढा धागा धरून जुने फोटो शोधायचे. चिकटवायला दोन संध्याकाळी लागतात, शोधायला दोन महिनेही जातात. माझ्या मते खरा छंद त्या दोन महिन्यांतच आहे.

आता आपल्या गडचांदूरचं बोलू. हे सिमेंटचं गाव, आणि गंमत म्हणजे मॉडेलच्या गोंदालाही 'सिमेंट'च म्हणतात. ते खरं तर चिकटवत नाही. प्लास्टिकच्या दोन्ही कडा जराशा विरघळवतं आणि मग त्या एकजीव होतात. वास उग्र असतो, तेव्हा खिडकी उघडी पाहिजे. पण खिडकी उघडली की धूळ आत, आणि ओल्या रंगावर बसलेली धूळ 72 पटीने दगडगोट्यांसारखी दिसते. उपाय सोपा आहे : रंगवून झालं की वरून प्लास्टिकचा डबा पालथा घाला. मे महिन्यात दुपारी रंगवायला बसूच नका. इथल्या उन्हाळ्यात पाण्याचा रंग ब्रशवरच वाळतो. पहाटे बसा.

वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच फेविक्विकसारख्या गोंदाने लावायची नाही, त्याच्या वाफेने ती पांढरट होते. तिथे आपला साधा फेव्हिकॉल. वाळला की दिसतही नाही.

नॅट झालं की मिग-21 घ्या. हे तर आपल्या नाशिकजवळच्या ओझरला, एचएएलच्या कारखान्यात बनायचं. 1963 साली वायुसेनेत आलं आणि 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडमध्ये निवृत्त झालं. बासष्ट वर्षं! आता ते आकाशात दिसणार नाही. तुमच्या धाकट्या भावाला ते दाखवायचं असेल तर फोटो, संग्रहालय नाहीतर तुमचं कपाट. बनवताना नाकात सायकलचे छर्रे चिकटवायला विसरू नका, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. आणि हे दोन्ही अर्धे जोडायच्या आधी करायचं, नंतर आत बोट जात नाही.

किटला पैसे नसतील तर विमानाचं तीन बाजूंचं रेखाचित्र शोधा, पंखांची रुंदी 9.3 सेंटीमीटर येईल असं प्रिंट काढा आणि लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून नॅट कापा. शेपटीपासून सुरुवात करा. ती सगळ्यात सोपी.