उष्णतेने शरीराच्या ऊतींची हानी कशी होते?

आपल्या जिल्ह्याचे घाटावरील व घाटाखालील असे दोन भाग स्वाभाविकपणेच पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर या उंचावरील भागांत उन्हाळा त्यामानाने सुसह्य असतो. परंतु मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या पूर्णेच्या खोऱ्यातील तालुक्यांत उष्णतामान ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नवे नाही. सकाळची शाळा सुटून मुले घरी निघतात ती बहुधा ऐन उन्हातच. म्हणून उष्णता शरीरावर नेमका काय परिणाम करते, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले असून, सारख्या पेशींच्या समूहास ऊती म्हणतात. पेशींतील बहुतेक कामे प्रथिने करतात. प्रथिनाचा रेणू विशिष्ट घडीत दुमडलेला असतो आणि ती घडी कायम असेल तोवरच तो उपयोगी पडतो. अति उष्णतेने ही घडी उलगडते. अंड्याचा पारदर्शक बलक, म्हणजे पांढरा भाग, सुमारे ६० अंशांपुढे पांढरा व घट्ट होतो आणि थंड केला तरी पूर्ववत होत नाही. शिक्षकांनी हा प्रयोग स्वतःच्या हाताने करून दाखवावा. मुलांच्या तो चांगला लक्षात राहील.

हानी केवळ उष्णतामानावर नव्हे, तर काळावरही अवलंबून असते. मॉरिट्झ व हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ साली हे प्रयोगाने दाखविले. त्वचा ४४ अंशांवर राहिली तर तिला कायमची इजा होण्यास सुमारे ६ तास लागतात. ६० अंशांवर मात्र सुमारे ५ सेकंद पुरतात. उन्हात तापलेला हातपंपाचा दांडा अथवा घसरगुंडीचा पत्रा ६० अंशांपर्यंत तापू शकतो, हे लक्षात घेता अनवाणी व कोवळ्या त्वचेच्या मुलांस किती जपले पाहिजे, ते निराळे सांगावयास नको.

शरीराच्या आतील उष्णतामान साधारणतः ३७ अंश असते. घाम वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो व हा समतोल टिकतो. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही. आपल्याकडील कोरड्या हवेत तो इतक्या लवकर वाळतो की शरीरातील पाणी किती गेले, याची जाणीवच होत नाही. पाणी कमी पडले की घाम आटतो व आतील उष्णता चढू लागते. ती ४० अंशांपलीकडे जाऊन मनुष्य बरळू लागला, तोल जाऊ लागला अथवा बेशुद्ध झाला, की तो उष्माघात समजावा. या अवस्थेत पेशींची आवरणे गळू लागतात. आतड्यांतील विषारी द्रव्ये रक्तात मिसळतात. रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. यकृत व मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. लहान मेंदूच्या पेशी विशेष नाजूक असल्याने, वाचलेल्या काही रुग्णांचा तोल पुढेही नीट राहत नाही.

उन्हाचा पारा फार चढल्याशिवाय धोका नाही, हा समज चुकीचा आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभासाठी मोठा जनसमुदाय उघड्या मैदानावर तास न् तास बसला होता. त्या दिवशी उष्णतामान सुमारे ३८ अंशच होते. तरीही उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. भर ऊन, समुद्राकाठची दमट हवा व दीर्घ काळ हे तिन्ही तेथे एकत्र आले होते.

यावरून उपचाराचे मर्म कळते. हानी काळाबरोबर वाढत असल्याने रुग्णास हलविण्याची वाट न पाहता त्याचे शरीर जागच्या जागी थंड करावयास आरंभ करावा. सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा. मान, काखा व जांघा यांवर ओल्या थंड घड्या ठेवाव्यात. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो. तापाची गोळीही येथे निरुपयोगी आहे. कारण हा रोगाचा ताप नव्हे. खिशातील कांद्यावर विसंबून पाणी पिण्याचे विसरू नये. भाजल्यास त्या जागेवर २० मिनिटे साध्या पाण्याची धार धरावी. हळद, शाई वा दंतमंजन लावू नये.

प्रतिबंध सर्वांत सोपा आहे. प्रत्येक तासानंतर मुलांस पाणी प्यावयास लावावे. तहान लागण्याची वाट पाहू नये. खारपाणपट्ट्यातील गावांत गोड्या पाण्याची टंचाई असते. तेथे शाळेत पिण्याचे पाणी पुरेसे भरून ठेवण्याची दक्षता मुख्याध्यापकांनी स्वतः घ्यावी. ताक व कैरीचे पन्हे यांचे महत्त्व पालकांस सांगावे. कवायत व खेळ सकाळी लवकर उरकावेत. दूरच्या वस्तीवरील मुलांनी डोक्यास रुमाल बांधून व पाण्याची बाटली भरून घेऊनच, दोघातिघांनी मिळून घरी जावे. वाटेत सोबती बरळू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला सावलीत बसवून जवळच्या मोठ्या माणसास हाक मारावी, एवढे तरी प्रत्येक मुलास तोंडपाठ असावे.