अंगणातील स्वाक्षरी

सेवाकाळातील कितीतरी वर्षे मी काउंटरमागे बसून खातेदारांच्या सह्या नमुन्याशी जुळवून पाहिल्या. निवृत्त होऊन भिलाईच्या बोरसी भागातील घरी स्थिरावलो, तेव्हा सह्यांशी असलेला संबंध सुटला असे वाटले होते. परंतु एका श्रावणात जास्वंदीच्या दोन फांद्यांमध्ये ताणलेल्या जाळ्यावर पांढरीशुभ्र नागमोडी सही दिसली आणि जुनी सवय पुन्हा जागी झाली.

सही करणारी होती एक मादी कोळी. पाठीवर पिवळे-तपकिरी पट्टे, आठ पाय दोन-दोन जुळवून फुलीसारखे पसरलेले. इंग्रजीत हिला ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात. शास्त्रीय नाव आर्जिओपे अनसुजा. नर तिच्यापुढे इतका लहान, की तिचे पिल्लूच वाटावा. मी पंधरा दिवस तिची छायाचित्रे घेतली. एके दिवशी फुलीच्या चारही भुजा, दुसऱ्या दिवशी दोनच, तर कधी एकही नाही. एवढी तफावत असलेला धनादेश मी निश्चितच परत केला असता! ही नक्षी कीटकांना भुलवण्यासाठी, की पक्ष्यांना जाळ्यापासून दूर ठेवण्यासाठी, यावर शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही.

रात्रपाळीचे कारभारी

भिलाईत ‘रात्रपाळी’ हा शब्द घरोघरी परिचित आहे. बागेतही ती असते. दिवस मावळला की नीओस्कोना जातीचे कोळी नवे वर्तुळाकार जाळे विणू लागतात. यांतील अनेक कोळी पहाटे तेच जाळे गुंडाळून खाऊन टाकतात, म्हणजे धाग्यातील प्रथिने पुन्हा कामी येतात. रोजचा हिशेब रोज मिटवण्याचा हा शिरस्ता कोणत्याही शाखेला शोभावा असाच आहे.

टॉर्च कपाळाजवळ धरून गवतावरून फिरवला, की हिरवट ठिपके लुकलुकतात. ते दवबिंदू नव्हेत. जाळे न विणता जमिनीवर शिकार करणाऱ्या लांडगा-कोळ्यांचे ते डोळे असतात. छत्तीसगडचा सुप्रसिद्ध कोसाही अशाच एका निशाचराची देणगी आहे. कोशातून बाहेर पडलेला कोशाचा पतंग काहीच खात नाही. अळीच्या अवस्थेत साठवलेल्या पुंजीवर तो आपले अल्प आयुष्य काढतो.

दिव्याचा हिशेब

काही वर्षांपूर्वी चोरीच्या भीतीने मी कुंपणावर प्रखर एलईडी दिवा लावला. तो रात्रभर जळे. आरंभी मला आनंदच झाला, कारण छायाचित्रांसाठी पतंग आयते मिळू लागले. पण सकाळी फरशीवर त्यांचा खच पडलेला असे. त्याच पावसाळ्यात मांडवावरील दुधीला फुले भरपूर आली, फळे मात्र मोजकीच धरली. दुधीचे पांढरे फूल सायंकाळी उमलते आणि परागीभवनासाठी बऱ्याच अंशी निशाचर कीटकांवर अवलंबून असते, हे मला तेव्हा समजले.

पतंग दिव्याच्या प्रेमात पडतो, ही कल्पना आपल्याकडे रूढ आहे. 2024 साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन वेगळेच सांगते. उडताना कीटक आपली पाठ उजेडाच्या बाजूला ठेवतो, कारण निसर्गात अधिक उजळ बाजू म्हणजे आकाश. दिव्याजवळ हा अंदाज चुकतो आणि तो तिथेच घिरट्या घालत राहतो. ते प्रेम नव्हे, ती दिशाभूल आहे.

मी तो दिवा उतरवला. त्याजागी खाली तोंड असलेला, चाहूल लागली तरच पेटणारा मंद पिवळा दिवा बसवला. पुढील वर्षी दुधी चांगले धरले. त्या वर्षी पाऊसही बरा झाला होता, तेव्हा सारे श्रेय दिव्याला देणे योग्य नव्हे. परंतु तिन्हीसांजेला लांब सोंडेचे पतंग फुलांपुढे तरंगताना पुन्हा दिसू लागले, हे निश्चित.

आपणही पाहावे

या छंदाला मोठे भांडवल लागत नाही. मोबाईलला चिमट्याने बसणारे भिंग, टॉर्च आणि पांढरा कागद पुरेसा आहे. उजेड समोरून न टाकता बाजूने टाकावा, म्हणजे जाळ्याचे धागे उठून दिसतात. कोळ्याचे छायाचित्र घेताना डोळ्यांवर नेम धरावा. पतंगांसाठी दोरीवर पांढरी चादर टांगून तासभर दिवा लावावा आणि काम झाले की आठवणीने बंद करावा. छायाचित्रासाठी जाळे मोडू नये, औषध फवारू नये.

घराच्या आसपास नवे काय सापडणार, असे कुणाला वाटेल. ठाणे परिसरात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला 2021 साली ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळाले. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यात दहशतवाद्याला पकडून देताना हुतात्मा झालेले सहाय्यक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचे ते चिरंतन स्मारक आहे.

तेव्हा आज रात्री अंगणातील अनावश्यक दिवा मालवावा आणि टॉर्च घेऊन दहा मिनिटे बाहेर उभे राहावे. सकाळी केरसुणी उचलण्यापूर्वी जाळ्यावरील सही मात्र अवश्य पडताळून घ्यावी.