चौकट : ओतशाळेतील पंखा आणि त्याचे रक्षण

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, तसेच शिरोली व गोकुळ शिरगावच्या ओतशाळांत वाळूची धूळ आणि भट्टीचा धूर ओढून नेणाऱ्या पंख्याची मोटार ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज पुरवठ्यावर चालत असली, तरी कामगाराचे बोट ज्या बटनावर पडते तेथवर २४ व्होल्टच पोहोचावेत, एतदर्थ नियंत्रणाचा पुरवठा स्वतंत्र ट्रान्स्फॉर्मरवरून घ्यावा आणि त्याच्या तारा मुख्य तारांपासून निराळ्या नळीतून न्याव्यात.

ओव्हरलोड रिले मोटारीच्या नेमप्लेटवरील आकड्याबरहुकूम लावावा : तेथे १४ अँपिअर असतील, तर डी.ओ.एल. स्टार्टरमध्ये १४, स्टार-डेल्टामध्ये रिले वाइंडिंगच्या शाखेत असल्यास ५८ टक्के, म्हणजे सुमारे ८. एक फेज गेली असता उरलेल्या तारांतील प्रवाह वाढून वाइंडिंग जळते. म्हणून सिंगल-फेजिंगपासून रक्षण करणारा रिले घ्यावा व त्याचा एन.सी. संपर्क कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी सीरीजमध्ये जोडावा. शॉर्ट-सर्किटसाठी फ्यूज वा ब्रेकर वेगळाच हवा.

रिले ट्रिप झाल्यावर कारण न शोधता त्याची मर्यादा वाढविणे म्हणजे पहारेकऱ्यालाच रजा देणे होय. कारण मोटार जळून पंखा थांबला, की सिलिकाची धूळ माणसांच्या फुफ्फुसांत जाते.