पत्रा वाजवून गाडी कळत नाही

पोलादपुरात रस्त्याला फाटे फुटतात. मुंबई-गोवा महामार्ग कशेडी घाटाकडून खेडच्या दिशेनं निघतो, तर डावीकडचा रस्ता आंबेनळी घाट चढून प्रतापगडाजवळून महाबळेश्वरला जातो. वीसेक किलोमीटर अलीकडे महाडहून तिसरी वाट वरंध घाटातून भोर आणि पुण्याकडे वळते. तीन घाटांच्या पायथ्याशी वसलेल्या या दोन तालुक्यांत गाडीचा विषय निघाला की बोलणं ॲव्हरेजवर फार वेळ रेंगाळत नाही. गाडी टिकेल का, आणि ठोकली तर आतला माणूस वाचेल का, हे प्रश्न लगेच येतात. बॉनेटवर बोटानं टकटक करून पत्रा जोखला जातो. जुन्या ॲम्बॅसडरचं लोखंड कसं होतं, जपानी गाडी इतकी का चेपते, जर्मन गाडीचं दार किती जड लागतं, असे दाखले दिले जातात.

या बोलण्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र होतात. खराब रस्त्यावर वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालणं ही एक, आणि धडकेत माणूस वाचवणं ही दुसरी. पहिलीत अव्वल असलेली गाडी दुसरीत सपशेल नापास होऊ शकते.

अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेनं २००९ मध्ये याचा रोखठोक निकाल लावला. संस्थेच्या पन्नासाव्या वर्षी १९५९ सालची शेव्हरले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरले मालिबू या दोन गाड्या ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगानं समोरासमोर धडकवण्यात आल्या. वजन जवळपास सारखंच. बेल एअर म्हणजे लांबरुंद, भरभक्कम, जुन्या लोखंडाची गाडी. धडकेत तिची केबिनच कोसळली, स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड चालकाच्या पुतळ्यावर आले. मालिबूचं नाक पार चुरडलं, पण केबिन शाबूत राहिली. मोजमापांनुसार तिच्या चालकाला पायाची किरकोळ दुखापत झाली असती. जुन्या गाडीतला वाचला नसता.

कारण साधं गणिती आहे. ताशी ६४ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १८ मीटर. पाचमजली इमारतीवरून, सुमारे १६ मीटर उंचीवरून पडणारी वस्तू याच वेगानं जमिनीवर आदळते. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, यावर शरीराला बसणारा हिसका ठरतो. बॉनेटचा भाग दुमडत जाऊन ६० सेंटीमीटर अंतर मिळालं, तर हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २७ पट असतो. पट्टा आणि एअरबॅग असेल तर तो सोसता येतो. गाडी अजिबात न चेपता १० सेंटीमीटरमध्ये थांबली, तर तोच आकडा १६० च्या पुढे जातो. म्हणजे पुढचा भाग चुरडला जाणं हेच त्याचं काम आहे. मर्सिडीझचे अभियंते बेला बॅरेन्यी यांनी या कल्पनेचं पेटंट १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मिळवलं आणि १९५९ मध्ये ती रस्त्यावरच्या गाडीत आली.

चुरडण्याला हद्द मात्र हवी. नाक मऊ, केबिन कडक, हे त्यातलं तत्त्व. दारांमधला खांब आणि छताच्या कडा आता तापवून साच्यात दाबलेल्या बोरॉनयुक्त पोलादाच्या करतात. हे पोलाद साध्या पत्र्याच्या चार-पाच पट ताण सोसतं. बाहेरून दिसणारा, बोटानं वाजणारा पत्रा सगळ्याच देशांतल्या गाड्यांत साधारण पाऊण मिलिमीटरचा असतो. त्याचा या बचावाशी संबंध नगण्य आहे. महाडच्या गॅरेजमध्ये बंपर आणि फेंडर कितीही सहज चेपलेले दिसले, तरी त्यावरून गाडीचा कस ठरवता येत नाही.

भरभक्कम चॅसीबद्दलही असाच समज आहे. शिडीसारख्या चॅसीवर बसवलेली बॉडी खड्ड्यांत आणि ओझ्याखाली खरोखर टिकते. रायगडच्या गावोगावी माणसं वाहणाऱ्या ट्रॅक्स आणि बोलेरो त्यावरच उभ्या आहेत. ट्रॅक्स बनवणारी पुण्याची फोर्स मोटर्स म्हणजे पूर्वीची बजाज टेम्पो, जी हॅम्बर्गच्या टेम्पो कंपनीचं तंत्र घेऊन सुरू झाली. जिल्ह्यात धावणारी तीनचाकी मिनीडोरही तिचीच. या गाड्यांनी डोंगरातल्या वाड्या बाजाराला जोडल्या, त्यांचं मोल मोठं आहे. पण २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेनं बोलेरो निओची चाचणी घेतली, तेव्हा तिला पाचपैकी एकच तारा मिळाला. उलट चार मीटरहून आखूड, एकसंध बॉडीच्या टाटा पंचनं २०२१ मध्ये त्याच संस्थेच्या तेव्हाच्या नियमांनुसार प्रौढांसाठी पाच तारे मिळवले होते.

लहान गाडी म्हणजे लेचीपेची गाडी, हाही समज त्यामुळे तपासून घ्यायला हवा. जपानमध्ये १९४९ पासून केई नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. इंजिन बरीच वर्षं ३६० सीसीपर्यंत, मग ५५० आणि १९९० पासून ६६० सीसीपर्यंत. लांबी ३.४ मीटर आणि रुंदी १.४८ मीटरच्या आत. कर कमी, म्हणून डोंगराळ खेड्यांतले शेतकरी याच गाड्या वापरतात. आपली मारुती ८०० याच घराण्यातली. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला किल्ली मिळाली, तेव्हा तिच्यात ७९६ सीसीचं इंजिन होतं आणि वजन जेमतेम ६५० किलो. आजही एकाच नावाची वॅगन आर जपानमध्ये केईच्या मापात, ६६० सीसीच्या आत मिळते आणि भारतात सुमारे १५ सेंटीमीटर जास्त रुंद होऊन मोठ्या इंजिनासह येते. आकारानं वाढलेल्या या भारतीय वॅगन आरला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपनं प्रौढांसाठी एकच तारा दिला. होंडाच्या एन-बॉक्ससारख्या केई गाडीनं जपानी चाचणीत पाच तारे कमावलेत. तिथली मांडणी आणि निकष निराळे असल्यानं ताऱ्यांची थेट तुलना करता येत नाही, तरी लहान मापात मजबूत केबिन बसवता येते एवढं त्यातून नक्की दिसतं.

घाटासाठी तर हलकेपणा हा गुणच आहे. इटलीच्या आल्प्समधल्या गावांत १९८३ ची फियाट पांडा फोर बाय फोर अजून चालताना दिसते. तिचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास. सुझुकीची जिम्नी १९७० मध्ये ३५९ सीसीच्या इंजिनावर सुरू झाली, तिचीच भावंडं भारतात जिप्सी म्हणून लष्करात राबली. पाच दारांची जिम्नी आता भारतात बनून जपानला जाते. २०२५ च्या सुरुवातीला तिथे तिची नोंदणी काही दिवसांतच थांबवावी लागली, इतकी मागणी आली.

हलकेपणाचा फायदा चढणीपेक्षा उतारावर जास्त जाणवतो. महाबळेश्वरहून पोलादपूरला येताना गाडी साधारण १२०० मीटर खाली उतरते. एक टन वजनाच्या गाडीची यात सुमारे १ कोटी १८ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तीच गाडी ताशी ६४ किलोमीटरवरून थांबवायला दीड लाखाच्या थोडी वर ऊर्जा शोषावी लागते. म्हणजे पूर्ण घाट उतरणं हे जवळपास ७५ वेळा करकचून ब्रेक मारण्याच्या बरोबरीचं आहे. यातला बराच भाग टायर, हवा आणि इंजिन उचलतात, पण गाडी न्यूट्रलवर सोडली तर इंजिनाचा वाटाही ब्रेकच्या लायनरवर पडतो. लायनर तापतात आणि पकड सोडू लागतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं हा त्यात आणखी धोका. डॉट-३ दर्जाचं कोरडं तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्या तेलाची किमान हमी १४० अंशांचीच असते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली जातं. कोकणातल्या पावसाळी हवेत दोन वर्षांनी हे तेल बदलणं दुर्लक्षून चालणार नाही. घाटात ज्या गिअरमध्ये चढावं त्याच गिअरमध्ये उतरावं, हा जुन्या एसटी चालकांचा नियम भौतिकशास्त्राला धरून आहे. विजेची गाडी उतारावर यातली काही ऊर्जा बॅटरीत परत घेते, मात्र महाबळेश्वरला बॅटरी पूर्ण भरून निघालं तर तिला ती साठवायला जागाच उरत नाही.

लहान गाडीचा एक तोटा कितीही अभियांत्रिकी केली तरी भरून निघत नाही. ताशी ५० किलोमीटरनं येणारी ७५० किलोची गाडी आणि त्याच वेगानं समोरून येणारी दोन टनांची एसयूव्ही धडकली, तर दोन्ही मिळून मोठ्या गाडीच्या दिशेनं पुढे सरकतात. मोठीचा वेग साधारण २७ किलोमीटरनं बदलतो, लहानीचा ७३ नं. म्हणून समोरच्या धडकेचे तारे सारख्या वजनाच्या गाड्यांतच ताडून पाहायचे असतात. गोवा महामार्गावर समोरून कंटेनर येतो, तेव्हा रस्त्याच्या मधला दुभाजक कोणत्याही ताऱ्यापेक्षा जास्त जीव वाचवतो. २०१६ मध्ये महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यात दोन एसटी बस आणि एक मोटार गेली. तिथे कुठल्याच गाडीची मजबुती उपयोगाची नव्हती. गाडीबरोबर रस्त्याचीही परीक्षा व्हावी, ही मागणी या भागातून जोरात यायला हवी.

गाड्यांच्या बाबतीत देश बराच पुढे आलाय. २०१४ मध्ये अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-टेन आणि पोलो या पाचही गाड्यांची एअरबॅग नसलेली मॉडेल ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत शून्य ताऱ्यांवर राहिली. युरोपात नाव असलेली पोलोही त्यात होती. एका कंपनीची गाडी वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी असते, ते तेव्हा लोकांना कळलं. मेक्सिकोतली निस्सान त्सुरू आणि अमेरिकेत विकली जाणारी निस्सान वर्सा २०१६ मध्ये एकमेकींवर धडकवल्या, तेव्हाही हेच दिसलं. त्सुरूतला चालक वाचला नसता. पुढच्या वर्षी तिचं उत्पादन थांबलं. भारतात ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या मोटारींना समोरच्या आणि बाजूच्या धडकेची चाचणी बंधनकारक झाली आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झालं.

महाड-पोलादपुरात मात्र घेतल्या जाणाऱ्या अनेक गाड्या जुन्या असतात. जुलै २०१९ आधीच्या स्वस्त मॉडेलमध्ये एअरबॅग नसण्याची शक्यता मोठी. शिवाय जुलै २०२१ च्या महापुरात महाडमध्ये असंख्य गाड्या गाळात बुडाल्या. जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून आतल्या टोकाला गाळाचे डाग आहेत का ते पाहावं, मॅटखालचा आणि सीटच्या रुळांचा गंज तपासावा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, किंवा लागून तसाच राहिला, तर सेन्सरचे जोड आणि वायरिंग मेकॅनिककडून उघडून बघितल्याशिवाय व्यवहार करू नये.