काडी, वॉल ट्यूब आणि अर्धीच खरवडलेली तार

सायकलच्या वॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी, म्हणजे वॉल ट्यूब, घ्यायची आणि तिचे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे. काडेपेटीतल्या काड्यांचा गुल ब्लेडनं खरवडून टाकायचा. तुकड्यात दोन्हीकडून एकेक काडी खुपसली की सांधा तयार. असे तीन सांधे जोडून त्रिकोण केला आणि कितीही दाबला तरी त्याचा आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र बोट लावताच एका अंगाला कलतो. त्याच्या कर्णावर खराट्याची जरा लांब काडी बसवली की तोही ताठ उभा राहतो. विजेच्या मनोऱ्यांत, रेल्वेच्या पुलांत, पत्र्याच्या शेडच्या कैच्यांत इतके त्रिकोण कशाला, हे सहावीतल्या मुलाला इथे कुणी सांगावं लागत नाही. तीन काड्यांचा सांधा हवा असेल तर दोन काड्यांच्या सांध्याला मधोमध बाभळीच्या काट्यानं भोक पाडायचं आणि तिसऱ्या काडीला टोक काढून ती आत सारायची. मग कागदावरची भूमिती उठून उभी राहते: चतुष्फलक, घन, घुमट.

ही जोडणी अरविंद गुप्ता यांची. कानपूरच्या आयआयटीतून 1975 मध्ये विद्युत अभियंता होऊन ते पुण्यात टेल्को कंपनीत लागले. 1978 मध्ये रजा काढून ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथे ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी 1972 पासून सोळा सरकारी शाळांमध्ये एक प्रयोग चालवला होता. सहावी ते आठवीचं विज्ञान मुलांनी स्वतः प्रयोग करून शिकायचं. परीक्षेत पुस्तक उघडायला मुभा आणि प्रात्यक्षिकाला मार्क. शाळेत प्रयोगशाळा नसे, कित्येकदा धड बाकंही नसत. मुलांना पडलेले प्रश्न ‘सवालीराम’ या कल्पित गृहस्थाला पत्रानं पाठवायचे आणि त्याच्या नावानं उत्तर यायचं. गुप्ता तिथल्या आठवडी बाजारात हिंडले. गावात स्वस्तात काय मिळतं आणि त्यातून विज्ञान कसं काढता येईल, हा नाद त्यांना तिथे लागला तो आजतागायत सुटलेला नाही. होशंगाबादचा कार्यक्रम पुढे हजारभर शाळांपर्यंत पोहोचला आणि 2002 मध्ये राज्य सरकारनं तो बंद केला. तीस वर्षांत शिक्षकांच्या हाताला लागलेलं वळण एका आदेशानं पुसलं गेलं, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

पुण्याशी त्यांचं नातं पुन्हा जुळलं ते आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत. संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांच्याकडे मुलं सही मागायला येत, तेव्हा ते सांगत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून देतो. अशा संस्थेत शाळकरी मुलांसाठी वेगळी जागा निघावी, हे स्वाभाविकच होतं. पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या ‘पुलस्त्य’ इमारतीत ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ सुरू झाली आणि 2014 पर्यंत गुप्ता तिथे होते. सहकाऱ्यांसोबत त्यांनी तिथे शेकडो खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती केल्या. त्या मराठीसह अनेक भाषांत आहेत आणि कुणालाही फुकट पाहता येतात.

यातलं एकच खेळणं मुलांपुढे ठेवायचं झालं तर मी मोटार ठेवीन. टॉर्चचा एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चपटं लोहचुंबक, सायकलच्या ट्यूबचा कापलेला रबर आणि मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी मीटरभर वाइंडिंग वायर. सेलभोवतीच दहा वेढे देऊन तारेचं कडं करायचं, दोन्ही टोकं समोरासमोर बाहेर काढायची. पिना सेलच्या दोन्ही टोकांना रबरानं घट्ट बांधायच्या, त्यांच्या छिद्रांत कड्याची टोकं टेकवायची आणि खाली सेलवर चुंबक चिकटवायचं.

खरी मेख आहे टोकं खरवडण्यात. या तारेवर एनॅमलचा लेप असतो. एक टोक सगळीकडून खरवडायचं आणि दुसरं फक्त अर्ध्या बाजूनं. मुलं उत्साहानं दोन्ही टोकं लख्ख करतात. मग कडं थरथरतं, अर्धा फेरा घेतं आणि तिथेच अडतं, कारण कड्याची बाजू पालटली की चुंबकाचा धक्का उलटा बसतो आणि आधीची गती मारतो. अर्ध्या बाजूचा लेप ठेवला तर नेमक्या त्या वेळी वीज तुटते, कडं आपल्या वेगातच उरलेला फेरा पुरा करतं आणि पुढचा धक्का योग्य दिशेनं मिळतो. मिक्सरच्या मोटारीचं निम्मं शास्त्र या नखाएवढ्या लेपात आहे. (कडं अडून राहिलं तर सेल तापतो, म्हणून लगेच उचलावं.) न चालणारी मोटारच इथे जास्त शिकवते. पुस्तकातली आकृती कधी अडत नाही, म्हणून ती हा प्रश्न कधी पडूच देत नाही.

हे डोळ्यांपुढे असताना तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात फिरलं की जीव खट्टू होतो. थर्माकोलचा ज्वालामुखी, सिरिंजवर उचलला जाणारा पूल, दुकानातून तयार आणलेली सौरमाला, आणि शेजारी पाठ केलेलं भाषण म्हणणारी मुलं. दोष मुलांचा नाही. नीटनेटकेपणाला बक्षीस मिळतं हे शिक्षकांना आणि पालकांना पक्कं ठाऊक असतं. 1993 पासून चाललेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेची रीत मला म्हणूनच बरी वाटते. तिथे दहा ते सतरा वर्षांची मुलं गट करून गावातलाच एखादा प्रश्न धरतात, मोजमाप करतात आणि नोंदवही ठेवतात. गावच्या विहिरींची पातळी महिनोन्‌महिने मोजणाऱ्या मुलींच्या वहीला चकचकीत तक्त्याइतका मान मिळाला पाहिजे. परीक्षकांनी एवढं जरी म्हटलं, ‘बाळ, हे सोडून पुन्हा जोडून दाखव,’ तरी विकत आणलेली मॉडेलं दोन वर्षांत टेबलांवरून उठतील. गुप्ता तर म्हणत आले आहेत की मुलानं खेळण्याचं करावं असं सर्वांत चांगलं काम म्हणजे ते मोडणं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शाळांतल्या विज्ञान साहित्याच्या काचेच्या कपाटांची कुलपं मात्र अजून तशीच आहेत.

ही कला ज्या त्या काळाच्या टाकाऊ वस्तूंवर जगते, म्हणून तिला सतत बदलावं लागतं. कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्यांपासून पंप बनायचा, त्या डब्या गेल्या. सीडीची भिंगरी व्हायची, सीडीही गेल्या. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉची पिपाणी तर फार आवडती होती: टोक चपटं करून दोन तिरके काप द्यायचे, फुंकत फुंकत कात्रीनं तुकडे कापत जायचं आणि प्रत्येक कापासरशी सूर चढत जायचा. ती स्ट्रॉ बंदीत गेली. बंदी योग्यच आहे, पण कागदाची स्ट्रॉ थोड्या वेळात ओली होऊन वाजेनाशी होते. आता खेड्यातल्या मुलांचं जुनं वाद्य वर्गात आणायला हवं. पपईच्या पानाचा पोकळ देठ घ्यायचा, चीक पुसून टाकायचा आणि कडेला उभी चीर देऊन फुंकायचं. लांबट देठ घोगरा वाजतो, आखूड देठ बारीक. वर्गातल्या प्रत्येकानं वेगळ्या लांबीचा देठ आणला तर फूटपट्टी आणि कान यांवरच एक तास जाईल.