सत्तावीस अंशांवर तीन दिवस

पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात येणारा विद्यार्थी बहुधा रसायन, वनस्पती, प्राणी किंवा सूक्ष्मजीव यांपैकी एखाद्या शास्त्राची पदवी घेऊन आलेला असतो, आणि अरण्ये, वाघ, हिमनद्या व ओझोनचा थर यांविषयीची एक उदात्त ओढ त्याने मनाशी बाळगलेली असते. परंतु पहिल्याच सत्रात त्याच्या हाती येते ती ३०० मिलिलिटरची, अरुंद गळ्याची, घासलेल्या काचेचे बूच असलेली एक बाटली. प्रारंभी अनेकांचा यामुळे हिरमोड होतो. माझे मत असे, की या विद्येचे मर्म अरण्याच्या वर्णनापेक्षा या बाटलीत अधिक आहे. कारण आपल्या गावच्या पाण्याविषयी, हवेविषयी वा जमिनीविषयी आपण जो आकडा उच्चारतो तो कोठून, कोणत्या प्रहरी, कोणत्या रीतीने हाती आला हे कोणाहीपुढे निःशंकपणे सांगता येणे, आणि त्याची जोखीम स्वतःच्या शिरावर घेणे, ही गोष्ट शिकविण्यास विद्यापीठच हवे. बाकीचे पुष्कळसे घरबसल्या वाचूनही कळते.

हे स्पष्ट व्हावे म्हणून एकच नदी घेऊ. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. तेथे पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, आणि पंचगंगेसारखी पाठशाळा त्याला जवळच लाभली आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी, आणि श्रद्धेने पाचवी मानलेली गुप्त सरस्वती, प्रयाग चिखलीपाशी एक होऊन पंचगंगा बनते व नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. एवढ्या आखूड प्रवासात जयंती नाल्यातून येणारे शहराचे सांडपाणी, साखर कारखान्यांचे व आसवन्यांचे मळीमिश्रित पाणी, इचलकरंजीच्या कापड-प्रक्रियेचे रंगीत पाणी आणि उसाच्या फडांतून झिरपणारी खते हे सारे तिला पोटात घ्यावे लागते. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ पसरली, आणि पुढेही उन्हाळ्यात बंधाऱ्यांच्या मागे मेलेले मासे तरंगू लागले की गावोगावी एकच प्रश्न विचारला जातो: हे कोणी केले? या प्रश्नाला संतापाने उत्तर देता येते, अंदाजानेही देता येते. शास्त्राने द्यावयाचे तर मात्र त्या बाटलीपासूनच आरंभ करावा लागतो.

मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो, आणि हा प्राणवायू फार थोडा असतो: २० अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, आणि पाणी तापत जाईल तसतसा त्याहूनही कमी. तो मोजण्याची जी रीत आजही प्रत्येक विद्यार्थी शिकतो, ती हंगेरीच्या लायोश विंक्लर या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली दिलेली आहे. बाटली पाण्याखाली धरून, आत हवेचा एकही बुडबुडा राहणार नाही अशा बेताने ती भरावी. काठावरच तिच्यात मँगेनीजचा क्षार व आम्लारियुक्त आयोडाइड घालावे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर साका पांढराच राहतो, आणि नदीची अवस्था प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वीच डोळ्यांना दिसते. पुढे गंधकाम्ल घातले की साका विरघळून प्राणवायूच्या प्रमाणात आयोडिन सुटते, स्टार्चने ते निळे होते, आणि ब्युरेटमधून थेंब थेंब सोडलेल्या थायोसल्फेटने ज्या क्षणी तो निळा रंग नाहीसा होतो त्या क्षणाचा आकडा वहीत उतरतो. या कृतीत चातुर्यास वाव अल्प आणि प्रामाणिकपणास फार मोठा आहे, कारण एक थेंब अधिक पडला हे पाडणाऱ्यावाचून कोणालाच समजत नाही.

तथापि आज पाण्यात प्राणवायू किती आहे एवढे कळून भागत नाही. त्या पाण्यातील घाण कुजताना आणखी किती प्राणवायू खाणार आहे, हेही कळले पाहिजे. त्याचसाठी ‘बीओडी’ची, म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू-मागणीची, परीक्षा आहे. नमुना प्राणवायूने संपृक्त अशा पाण्यात विरल करून बाटल्यांत भरतात. काही बाटल्यांचा प्राणवायू लगेच मोजतात आणि उरलेल्या अंधाऱ्या उष्णपेटीत ठेवतात, कारण उजेड लागला तर शेवाळ प्राणवायू निर्माण करून सगळा हिशेब बिघडविते. ठरलेली मुदत भरली की पुन्हा मोजणी होते, आणि जो फरक निघतो तो जिवाणूंनी वापरलेला प्राणवायू होय.

ही मुदत किती असावी, याचा इतिहास प्रत्येक वर्गात सांगण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी १८९८ साली नेमलेल्या शाही आयोगाने १९१२ च्या आठव्या अहवालात पाच दिवसांची परीक्षा ग्राह्य धरली. त्या देशातील नद्यांचे पाणी समुद्रास मिळण्यास पाच दिवसांपेक्षा अधिक लागत नाही, हा त्यामागील विचार असल्याचे सांगितले जाते, आणि तापमानही तेथल्याच उन्हाळ्यास साजेसे निवडलेले होते. पुढे २० अंशांवर पाच दिवस ही रीत जगभर रूढ झाली. आता पंचगंगेचे पाणी कृष्णेतून, कर्नाटक, तेलंगण व आंध्र ओलांडून, बंगालच्या उपसागरास जाते. त्याला थेम्सचे पंचांग कसे लागू पडावे? भारतीय मानकाने २७ अंशांवर तीन दिवस ही मुदत स्वीकारली, कारण येथल्या उष्ण पाण्यात जिवाणूंचे कार्य अधिक वेगाने चालते आणि तीन दिवसांतच जवळपास तितकेच काम उरकते. परदेशी ग्रंथातील प्रमाण आपल्या हवामानाशी ताडून पाहावयाचे असते, ही शिकवण ज्या विद्यार्थ्याला या एका आकड्यातून मिळाली त्याचे पहिले वर्ष सार्थकी लागले असे मी म्हणेन.

पंचगंगा याच्याही पुढचा धडा देते. १९२५ साली अमेरिकेत स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून असे गणित मांडले, की सांडपाणी मिळाल्यावर नदीतील प्राणवायू प्रवाहाच्या दिशेने क्रमाने घटत जातो, एका ठिकाणी नीचतम होतो, आणि मग हवेतून होणाऱ्या भरपाईमुळे पुन्हा सावरतो. हे गणित वाहत्या नदीचे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील नदी पावसाळा संपताच बंधाऱ्याबंधाऱ्यावर अडविली जाते: दगडी खांबांच्या खाचांत बरगे घातले की मागे पाणी तुंबते, काठचे शेतकरी ते उपशाने शेतास देतात, आणि या योजनेवर येथील ऊसशेती उभी राहिली, म्हणूनच तिला देशभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात. परंतु त्याच बरग्यांमुळे नदी उन्हाळ्यात एकामागून एक अशा संथ डोहांची मालिका बनते. पाणी खळाळत नाही, हवेतून होणारी भरपाई मंदावते, वर केंदाळ पसरते, आणि वरच्या डोहात साठलेले वाईट पाणी बरगे काढताच एकदम खाली लोटते. मासे खाली शिरोळ तालुक्यात मरतात आणि कारण कित्येक कोस वर, कित्येक दिवस आधी घडून गेलेले असते. हे ज्याला काठाने हिंडून, बरगे केव्हा घातले व केव्हा काढले याची चौकशी पाटबंधारे खात्याच्या माणसाजवळ करून समजले, त्यालाच स्ट्रीटर-फेल्प्सचे समीकरण कोठे चालते आणि कोठे थांबते हे उमगेल.

यानंतर येतो कायदा, ज्याचा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना बहुधा कंटाळा असतो. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ साली केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी आपले प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. स्टॉकहोमची जागतिक परिषद १९७२ ची आणि केंद्राचा जल अधिनियम १९७४ चा, म्हणजे या बाबतीत आपले राज्य पुढे होते. केंद्रीय अधिनियमाचे २१ वे कलम प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना घ्यावयाचा तर भोगवटादारास त्याची नोटीस द्यावी, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावेत, ते मोहोरबंद करून त्यांवर उभयतांच्या सह्या घ्याव्यात आणि मान्य प्रयोगशाळेकडे पाठवावेत. हे रीतसर झाले नसेल तर त्या पृथक्करणाचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून दाखल होऊ शकत नाही. प्रयोगशाळेत अचूक निघालेला आकडा पंचनाम्यातील एका उणिवेने निरर्थक ठरतो; म्हणून रसायन आणि कायदा येथे एकाच अभ्यासक्रमात नांदतात. या विषयात सगळेच थोडे थोडे आहे असा जो आक्षेप घेतला जातो, त्याचे उत्तर मला या कलमात दिसते: नदीला रसायन, जीव, भूगोल आणि दफ्तर यांचे विभाग ठाऊक नाहीत, आणि तिचा कैवार घेणाऱ्याला चारही ठिकाणी बोलता आले पाहिजे.

पदवीच्या सर्व शाखांना सक्तीचा असलेला ‘ईव्हीएस’चा, म्हणजे पर्यावरण अध्ययनाचा, पेपर ही निराळी गोष्ट आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी जे आदेश दिले, त्यांतून आणि पुढे २००३ मधील आदेशातून, विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आखला. व्यवसायाने शल्यचिकित्सक असलेले पुण्याचे डॉ. एरक भरुचा यांनी त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले. शंभरांपैकी पंचवीस गुण क्षेत्रकार्याला देण्याची त्या आराखड्यातील योजना फार शहाणपणाची होती. ते पंचवीस गुण जेथे आदल्या वर्षीच्या वहीवरून उतरवून मिळतात, तेथे ती योजना कागदावरच मेली असे म्हणावे लागते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते; कारण वाणिज्याचा पदवीधर आयुष्यात एकदाच नाल्याकाठी उभा राहणार असतो, आणि ती एक संधीही आपण वाया दवडतो.

मोजण्याबरोबर विचारणेही शिकावे लागते. परिस्थितिकीतज्ज्ञ माधव गाडगीळ हार्वर्डहून गणिती परिस्थितिकीची पदवी घेऊन आले. सत्तरच्या दशकात कर्नाटकातील बांबूच्या ऱ्हासाचा अभ्यास करताना त्यांना असे दिसले, की वाढ चांगली व्हावी म्हणून बेटांच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण साफ करण्यात येत होते, आणि गावकरी म्हणत होते की याने बांबूचे नुकसान होते. निरीक्षणाअंती गावकरीच खरे ठरले: काटे गेले की कोवळे कोंब गुरांच्या व वानरांच्या तोंडी पडतात. विद्यापीठातून निघालेल्या तरुणाने काठावरच्या कोळ्याला आणि बरगे घालणाऱ्या मजुराला प्रश्न विचारण्याची सवय येथूनच उचलावी.

नोकऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. प्रदूषण नियंत्रण मंडळांत, कारखान्यांच्या सांडपाणी-प्रक्रिया विभागांत, पर्यावरणीय आघाताचे मूल्यमापन करणाऱ्या सल्लागार संस्थांत आणि खासगी प्रयोगशाळांत या पदवीधरांना जागा मिळतात, पण तेथे त्यांची स्पर्धा रसायनाच्या व अभियांत्रिकीच्या पदवीधरांशी असते, आणि केवळ पदवीच्या नावावर ती जिंकता येत नाही. ज्याचे हात प्रयोगात तयार आहेत, ज्याला संख्याशास्त्र येते आणि ज्याला मराठीत व इंग्रजीत स्वच्छ अहवाल लिहिता येतो, तो टिकतो.

जाता जाता एक सूचना करावीशी वाटते. या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला बहुधा एक लघुप्रबंध सादर करावा लागतो, आणि त्यांपैकी पुष्कळांचा विषय जवळची नदी, तलाव किंवा विहिरी हाच असतो. गुण पडले की ते प्रबंध विभागाच्या कपाटात जातात; दरसाल नवा विद्यार्थी नवी ठिकाणे निवडतो, त्यामुळे एका वर्षाच्या आकड्याला दुसऱ्या वर्षाचा शेजार मिळत नाही. विभागाने नदीवरील सात-आठ जागा एकदाच कायम कराव्यात, बरगे घालण्यापूर्वी, ते असताना आणि काढल्यानंतर असे तीन वेळा दरसाल तेथलेच नमुने घ्यावेत, आणि तारीख, वेळ, तापमान व नमुना घेणाऱ्याचे नाव यांसह तो तक्ता मराठीत छापून काठच्या ग्रामपंचायतींकडे व नगरपालिकांकडे रवाना करावा. बाटल्या, रसायने आणि हात विभागापाशी आहेतच. जागा कोणत्या, एवढा ठराव पुढील सत्राच्या पहिल्या बैठकीत करावयाचा आहे.