सर्व्हर कोणत्या कंपनीचा? आधी पुण्याची गाडी बघा

रॅक सर्व्हर घ्यायचा असे ठरले की सोलापुरातल्या उद्योजकाच्या टेबलावर आठवडाभरात तीन कोटेशन येऊन पडतात. एक डेलच्या पॉवरएजचे, एक एचपीईच्या प्रोलायंटचे, एक लेनोव्होच्या थिंकसिस्टिमचे. आकड्यांत फरक थोडाच. मग मालक सीएला विचारतो, सीए ओळखीच्या दुसऱ्या कारखान्याचे नाव सांगतो आणि 'त्यांचा पाच वर्षांत एकदाही बंद पडला नाही' एवढ्या भरवशावर लाखांचा व्यवहार उरकतो. चादर घेताना हाच माणूस पोत बोटांनी चोळून बघतो, वजन विचारतो, रंग जाईल का म्हणून चौकशी करतो. सर्व्हर मात्र नावावर घेतो.

रॅक सर्व्हर म्हणजे लोखंडी कपाटात खणासारखा सरकवायचा चपटा संगणक. कारखान्याचे ईआरपी, टॅलीचा डेटा, हजेरी, रुग्णालयातले रिपोर्ट हे सगळे त्याच्यावर चालते. कपाटाची रुंदी जगभर १९ इंचांची धरलेली आहे. उंची 'यू' या मापात सांगतात. १ यू म्हणजे पावणेदोन इंच आणि पुऱ्या उंचीचे कपाट ४२ यूचे. फसगत होते ती खोलीत. नेटवर्कच्या वायरींसाठी भिंतीवर ठोकलेल्या उथळ कपाटात सर्व्हर मावत नाही, त्याला मीटरभर खोल कपाट लागते. सर्व्हर दारात आल्यावर हे लक्षात येणे फार महाग पडते.

आता नावांकडे. प्रोलायंट हे मूळचे कॉम्पॅकचे अपत्य, १९९३चे. २००२मध्ये एचपीने कॉम्पॅक घेतली आणि २०१५मध्ये एचपीचीच वाटणी झाली, तेव्हा सर्व्हरचा धंदा एचपीईकडे गेला. लेनोव्होने २०१४मध्ये आयबीएमचा या वर्गातला सर्व्हर व्यवसाय विकत घेतला. म्हणजे कुळे जुनी, आडनावे बदललेली. आतले सामान तर बरेचसे एकाच बाजारातले: प्रोसेसर इंटेलचा किंवा एएमडीचा, मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉनची, हार्ड डिस्क सीगेट, वेस्टर्न डिजिटल किंवा तोशिबाची. फरक असतो तो पेटीच्या रचनेत, वारा खेळवण्यात, देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि विक्रीनंतरच्या सेवेत.

सामान एकाच बाजारातले असले की काय होते, याचा धडा २०१९च्या नोव्हेंबरमध्ये मिळाला. एचपीईने ग्राहकांना कळवले की आपल्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्या की कायमच्या बंद पडतील आणि त्यांच्यातला डेटा परत मिळणार नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. संगणकाच्या १६ बिटांच्या मोजणीत धन आकडा ३२,७६७ला संपतो, हे ठाऊक असलेल्याला गफलत कुठे झाली असावी ते लगेच उमगेल. उपाय साधा होता, फर्मवेअर अद्ययावत करायचे. पण एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच रेडमध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणाऱ्या जोडणीत, लावलेल्या डिस्क एकाच तासाला मान टाकणार, तेव्हा रेडचा काय उपयोग? पुढे मार्च २०२०मध्ये ४०,००० तासांची तशीच चूक निघाली आणि या वेळी एचपीईच्या जोडीला डेलच्याही डिस्क होत्या. पाट्या दोन, पुरवठादार एक. एचपीईने वेळेवर कळवले आणि फर्मवेअर दिले, हे तिच्या बाजूने मांडले पाहिजे. पण ते पत्र वाचून अमलात आणणारा माणूस ग्राहकाकडे होता का? भरवशाचा निम्मा भाग तिथे ठरतो.

उरलेला निम्मा भाग रस्त्यावर आहे. सोलापूर ते पुणे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. मोठ्या कंपन्यांचे सुटे भाग साधारणपणे मोठ्या शहरांतल्या गोदामांत असतात आणि वॉरंटीच्या कागदावर दोन शब्दप्रयोग हमखास दिसतात: 'एनबीडी', म्हणजे पुढच्या कामकाजाच्या दिवशी, आणि 'चार तास'. मुंबई-पुण्यात चार तासांना काही अर्थ आहे. सोलापूरच्या सात रस्त्यावर तो शब्द तपासूनच घ्यावा, कारण ही सेवा गोदामापासूनच्या अंतरावर अवलंबून असते. पुण्याहून संध्याकाळी निघालेली हुतात्मा एक्स्प्रेसच मुळी चार तास घेते आणि रात्री दहाच्या सुमारास सोलापूर गाठते.

समजा, सात रस्त्याजवळच्या एखाद्या रुग्णालयाच्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय शनिवारी संध्याकाळी गेला. 'एनबीडी'च्या हिशेबात रविवार धरत नाहीत, काही करारांत शनिवारही नाही. कॉल नोंदवला, लॉग पाठवले, समोरून निदान झाले, भाग निघाला. सोमवार उजाडेल किंवा मंगळवार. तोवर केसपेपर हाताने. म्हणून सोलापूरसारख्या शहरात सर्व्हरमध्ये दोन पॉवर सप्लाय घेणे ही चैन ठरत नाही. एक गेला तरी दुसऱ्यावर यंत्र चालू राहते आणि चालू यंत्रातूनच बिघडलेला काढता येतो. मात्र दोन्हींच्या वायरी एकाच यूपीएसला जोडलेल्या असतील, तर यूपीएस बसला की दोन्ही गेले. एक जास्तीची हार्ड डिस्क गावातच, आपल्या कपाटात ठेवणे हा त्याहून स्वस्त विमा आहे.

विजेचा विषय सोलापूरला नवा नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे वीजजाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले. अख्ख्या देशाची वीज एका सुतात ओवणाऱ्या या शहरात वळवाच्या पहिल्या सरीला दिवे लुकलुकायचे थांबलेले नाहीत, ही गंमत वेगळी. तेव्हा सर्व्हरच्या आधी अर्थिंग तपासून घ्यावे. निकृष्ट अर्थिंगवर कोणत्याही कंपनीचा बोर्ड टिकेल असे समजू नये.

उन्हाळ्याचे तर बोलायलाच नको. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांवर जातो. सर्व्हर खोलीतली हवा १८ ते २७ अंश असावी अशी या क्षेत्रातली शिफारस आहे आणि बहुतेक सर्व्हर ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालतील असे बनवलेले असतात. रात्री एसी बंद करून लोक घरी जातात अशा कार्यालयात हा आकडा सहज ओलांडला जातो. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत आणखी एक शत्रू आहे, सुताचे बारीक तंतू. मागाच्या शेडला लागून असलेल्या खोलीत पंख्यांवर, जाळ्यांवर त्यांचा थर बसतो, पंखे किंचाळू लागतात आणि दोष ब्रँडला दिला जातो. टॉवेलच्या कारखान्यात सर्व्हर ठेवायचा असेल तर बंद खोली आणि दर महिन्याची साफसफाई यांचा खर्च आधीच धरावा.

देखरेखीच्या सोयीवर मात्र ब्रँडची खरी परीक्षा होते. डेलचे आयड्रॅक, एचपीईचे आयएलओ, लेनोव्होचे एक्सक्लॅरिटी ही सगळी सर्व्हरच्या पोटातली स्वतंत्र छोटी यंत्रणा. सर्व्हर बंद असला तरी ती जागी असते आणि इंजिनिअर पुण्यात बसून तो चालू करू शकतो, कोणती डिस्क कुरकुरते आहे ते पाहू शकतो. इंजिनिअर अडीचशे किलोमीटरवर असताना याची किंमत कळते. यातल्या चांगल्या सोयी वेगळ्या लायसन्सवर मिळतात आणि स्वस्त कोटेशनमधून नेमके तेच वगळलेले असते. ही यंत्रणा थेट इंटरनेटवर उघडी ठेवू नये, हेही सांगायला हवे.

फर्मवेअरचेही तसेच. एचपीने २०१४पासून अनेक अपडेट वॉरंटी किंवा सेवाकरार असलेल्या ग्राहकांपुरतेच ठेवले. त्यामुळे तीन वर्षांची वॉरंटी संपल्यावर पुढच्या दोन वर्षांचा भाव काय, हे खरेदीच्या दिवशीच लिहून घेणे बरे. नंतर घासाघीस करायला हातात काही उरत नाही. जुना, नूतनीकरण केलेला किंवा बाहेरून आणलेला सर्व्हर घेताना त्याचा सर्व्हिस टॅग किंवा सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघावा. दुसऱ्या देशात विकलेल्या यंत्राला भारतातली वॉरंटी लागू होईलच असे नाही.

भारतीय पर्याय आता हसण्यावारी नेण्यासारखे राहिलेले नाहीत. पुण्याच्या सी-डॅकने 'रुद्र' नावाचा सर्व्हर आराखड्यापासून तयार केला. त्यावर बांधलेले परम रुद्र महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी देशाला अर्पण झाले, आणि त्यातला एक नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामी लागला. फरीदाबादची नेटवेब 'टायरोन' नावाने सर्व्हर विकते. एचपीईने २०२३मध्ये मानेसरला, तर लेनोव्होने २०२४मध्ये पुदुच्चेरीला सर्व्हर बनवण्याची घोषणा केली. सोलापूरच्या ग्राहकाने या सगळ्यांना एकच प्रश्न विचारावा: बनवता कुठे ते राहू द्या, दुरुस्तीला माणूस कुठून येतो?

आणि सर्वांत भरवशाचा सर्व्हरही बॅकअपची जागा घेत नाही. जुलै २०२४च्या अखेरीस, छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे डिजिटल व्यवहार अडकले, त्यांत सहकारी बँकाही होत्या. त्यांच्या स्वतःच्या शाखांतली यंत्रे धडधाकट होती. कंपन्यांच्या लेखा नियमांतल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांनी हिशेबांच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा असा नियम आहे. प्रायव्हेट लिमिटेड झालेल्या चादर कारखान्यालाही तो लागू आहे. बॅकअप त्याच खोलीत ठेवला तर नियम कदाचित पाळला जाईल, पण आग लागली तर दोन्ही जळतील.

तेव्हा नवे कोटेशन हातात पडले की किमतीच्या आधी तीन गोष्टी विक्रेत्याकडून ई-मेलवर मागवा: आपल्या पिन कोडवर कोणती सेवा किती तासांत मिळते, सुटा भाग कोणत्या गावातून निघतो आणि चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सेवाकराराचा दर काय. तोंडी 'होऊन जाईल साहेब' असे उत्तर आले, तर ते कोटेशन बाजूला ठेवा आणि पुढचे उघडा.